कुराणाच्या प्रकटनात पैगंबरांचा वाटा किती?

पानगळ: पैगंबर म्हणजे निव्वळ टपालवाला, असं म्हटलं की काही जणांना राग येतो. पण कुराणाचा रोख तोच आहे. ७५:१६-१८ (अध्याय ७५, वचनं १६ ते १८) पाहा, अल्लाह पैगंबरांना सांगतो: पाठ करायच्या घाईने जीभ हलवू नकोस, गोळा करणं आणि वाचून घेणं आमच्याकडे, आम्ही वाचलं की मागोमाग ये. ६९:४४-४६ तर फारच कडक. पदरचं रचून आमच्या नावावर खपवलं असतं, तर जीवनाडीच तोडली असती! ८०व्या अध्यायात, बड्या मंडळींशी बोलताना आंधळ्या माणसाला पाहून कपाळाला आठी घातली म्हणून खुद्द पैगंबरांना सुनावलंय. स्वतः रचणारा हे कशाला ठेवेल?

कोरी_पाटी: शेवटचा तर्क लंगडा. आपल्या संतांनी अभंगांत स्वतःला काय कमी बोल लावलेत? आणि २६:१९३-१९४ म्हणतं, विश्वासू आत्म्याने, म्हणजे देवदूत जिब्रीलने, हे 'तुझ्या हृदयावर' उतरवलं. पाकिस्तानी विचारवंत फजलुर रहमान यांनी १९६६ मध्ये हेच धरून मांडलं: कुराण पूर्णतः अल्लाहची वाणी, आणि सर्वसाधारण अर्थाने पूर्णतः मुहंमदांचीही. पाकिस्तानात रान उठलं, १९६८ मध्ये त्यांना तिथल्या इस्लामी संशोधन संस्थेचं संचालकपद सोडावं लागलं.

दर्यावर्दी: हृदयावर उतरलं म्हणून शब्द हृदयाने घडवले, असं होत नाही. बुखारीच्या संग्रहात पैगंबरांच्या पत्नी आयशांनी सांगितलेली हदीस (पैगंबरांविषयीची नोंद) आहे, प्रकटन कसं यायचं याची: कधी घंटेसारखा नाद, हा प्रकार सर्वांत जड, आणि तो थांबेपर्यंत सांगितलेलं मनात पक्कं बसलेलं. कधी दूत माणसाच्या रूपात येऊन बोले. कडाक्याच्या थंडीतही कपाळावरून घाम निथळायचा. शिवाय हदीसे-कुदसी, म्हणजे पैगंबरांनी अल्लाहच्या हवाल्याने सांगितलेली वचनं, वेगळी ठेवलीय ना? बहुतेक आलिमांच्या (धर्मपंडितांच्या) मते तिथे आशय अल्लाहचा, शब्द पैगंबरांचे; म्हणून नमाजात कुराणाच्या जागी ती चालत नाही. कुराणातले शब्दही पैगंबरांचे मानले तर हा भेद उरतो कुठे?

कोरी_पाटी: भेद नंतरच्या आलिमांनी आखलाय. कुराण निर्मित की अनादि, यावर ८३३ मध्ये खलिफा मामूनने चौकशा लावल्या. कुराण निर्मित मानायला इब्न हंबल हे आलिम नमले नाहीत, पुढच्या खलिफाने फटके मारले. म्हणजे प्रश्न तेव्हाही खुलाच होता.

पानगळ: तो प्रश्न वेगळा हो. मुअतझिलींचं (कुराण निर्मित मानणाऱ्या पंथाचं) म्हणणं अल्लाहने शब्द निर्माण केले असं, मुहंमदांनी नव्हे. तुम्हाला माणसाचा वाटा हवाच असेल तर ५८:१ घ्या. नवऱ्याने 'तू मला आईच्या पाठीसारखी' म्हणून टाकलेली बाई पैगंबरांशी वाद घालते, आणि आयत (कुराणातलं वचन) येते: अल्लाहने तिचं ऐकलं. निमित्त तिचं. शब्द मात्र ना तिचे, ना पैगंबरांचे.