उशिरा गहू: युरियाची दुसरी गोणी आणू का?

वेचणीवाला: राम राम मंडळी. भोकरदन तालुका, काळं रान. कापसाच्या चौथ्या वेचणीच्या नादात पऱ्हाटी उपटायला उशीर झाला, गहू पेरायला ९ डिसेंबर उजाडला. एकच एकर, वाण निफाड ३४. पेरताना डीएपीची एक गोणी अन् २० किलो युरिया दिला. आज बाविसावा दिवस. खुरपणी उरकली, पाणी उद्या रात्री. घरात युरियाची एक गोणी आहे. शेजारचे दादा म्हणतात, उशीर झालाय तर दोन टाक, गहू उचल घेईल. गेल्या साली त्यांचंच ऐकून पोटरीत, म्हणजे ओंबी पानाच्या आवरणात असताना, अर्धी गोणी फोकली होती. रान असं हिरवंगार की येणारा-जाणारा बांधावर थांबायचा. मार्चात एका वाऱ्यात निम्मा गहू लोळला. दाणा सुपात घेतला तर जिऱ्यासारखा!

पाटकरी: भाऊ, दुसरी गोणी दुकानातच राहू द्या. वेळेवरच्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र, उशिराच्याला ९०. म्हणजे एकरी ३६. डीएपीतून ९ गेलं, २० किलो युरियातून ९. राहिलं १८, त्याला ३९ किलो युरिया झाला. तुमच्या ४५ च्या गोणीतूनही सहा किलो उरतोय, वांग्यांना घाला. उशिराच्या गव्हाला फुटव्यांसाठी थंडीच कमी मिळते. फुटवेच कमी, तर जास्तीचा युरिया खाणार कोण? नुसती पात माजते, मावा बसतो, अन् दाणा भरायच्या वेळी ऊन गाठतं. आत्ता मुकुटमुळं (बुडख्याची कायमची मुळं) फुटतायत, काय द्यायचं ते आत्ताच. पोटरीत हात आवरा.

वेचणीवाला: बरं. आधी पाणी की आधी युरिया?

जुनी_पाभर: काळ्या रानात आधी युरिया, मागोमाग पाणी. नुसता वर पडून राहिला तर नत्र हवेत उडतं. हलक्या रानात उलटं, पाणी देऊन वाफशावर टाकायचा, नाहीतर पाण्यासोबत खाली जातो. अन् सकाळी दवात फोकू नका, खडे पातीला चिकटून शेंडे करपतात. तळाच्या साऱ्यात (लांबट वाफ्यात) पाणी तुंबू देऊ नका. तिथला गहू पिवळा पडतो अन् आपण म्हणतो युरिया कमी पडला. मीही दोन वर्षं तेच म्हणत होतो.

वेचणीवाला: काल दुपारी फोकला. २६ सारे, साऱ्याला दीड किलो मोजून. दादा बांधावर उभे राहून हसत होते. रात्री अडीचला लाईट गेली, पाच सारे कोरडे राहिले. त्यांत परत टाकावा लागेल का?

जुनी_पाभर: परत काही टाकू नका. या थंडीत एका रात्रीत फार उडत नाही. आज लाईट आली की आधी तेच पाच सारे धरा.