मदत हवी आहे : शुगर-बीपीच्या गोळ्यांचं महिन्याचं बिल कमी कसं करावं?

रुग्ण ७१ वर्षांचे. रोज एम्पाग्लिफ्लोझिन १०, मेटफॉर्मिन ५०० एसआर (औषध हळूहळू सोडणारी गोळी), टेल्मिसार्टन ४० एच, ॲटोर्व्हास्टॅटिन २० आणि थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम. मेडिकलवाला म्हणतो, सरकारनेच दर वाढवलेत. खरं आहे का? बचत कुठे होईल?

निळूभाऊ : अर्धंच खरं. मेटफॉर्मिन, ॲटोर्व्हास्टॅटिन सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. त्यांची कमाल किंमत एनपीपीए, म्हणजे औषधांचे दर ठरवणारं केंद्राचं प्राधिकरण, ठरवतं आणि ती दर एप्रिलला घाऊक महागाईप्रमाणे हलते : २०२३ ला १२.१२ टक्के, २०२४ ला जवळपास शून्य, २०२५ ला १.७४. यादीबाहेरच्या औषधांची एमआरपी मात्र कंपनी १२ महिन्यांत १० टक्क्यांपर्यंत आपली आपण वाढवू शकते. एम्पाग्लिफ्लोझिन त्यातलंच.

गोळीबंद : आधी तीच गोळी बघा. मार्च २०२५ मध्ये तिचं पेटंट संपलं आणि साठेक रुपयांची गोळी आता दहाच्या आसपास मिळते. पण चिठ्ठीवर जुना ब्रँड असेल तर केमिस्टला कायद्याने परस्पर बदलून देता येत नाही. म्हणून डॉक्टरांकडून घटकाचं नाव, मिलिग्रॅम आणि ‘एसआर’ लिहून घ्या, मग जनऔषधी केंद्रात जा. त्यांच्या सुगम ॲपवर जवळचं केंद्र आणि दर दोन्ही दिसतात. तुलना गोळीमागे करा. कुठे स्ट्रिप १० ची, कुठे १५ ची. घोळ होतो तो नावाच्या शेपटाच्या अक्षरांत : टेल्मिसार्टन ‘एच’मध्ये हायड्रोक्लोरोथायाझाइड, ‘एएम’मध्ये अम्लोडिपिन. चुकून साधं मेटफॉर्मिन आलं तर पोट बिघडतं, मग लोक जेनेरिकला नावं ठेवतात.

अनुराधा_फार्म : थायरॉक्सिनला हात लावू नका. तसंही ते स्वस्त असतं. बदलायचंच झालं तर डॉक्टरांना सांगून एकच कंपनी धरा आणि ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्तचाचणी करा. दर महिन्याला वेगळी कंपनी, हे सगळ्यात वाईट. फिटच्या गोळ्या आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनलाही हा एकाच कंपनीचा नियम लागू.

धागाकर्ता : आभार. जीएसटी कमी झाला म्हणतात, पण स्ट्रिपवर जुनीच एमआरपी आहे, तेवढेच पैसे घेतात.

निळूभाऊ : २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. जुना माल परत मागवायची सक्ती नव्हती, पण कंपनीची सुधारित दरयादी दुकानात असायला हवी. ती मागा. पक्कं बिल घ्या, बॅच नंबर दिसेल असा स्ट्रिपचा फोटो काढा. दर एनपीपीएच्या ‘फार्मा सही दाम’ ॲपवर ताडता येतो. जास्त घेतले असतील तर एनपीपीएच्याच ‘फार्मा जन समाधान’ या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. बिल नसेल तर तिथे काही सिद्ध करता येत नाही.