मदत हवी आहे: ब्रेक सुटला की कंट्रोलर रीस्टार्ट होतो

नमस्कार मंडळी. व्हीएमसीचा (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनचा) कंट्रोलर मधूनच बंद पडून पुन्हा चालू होतोय. मशीन थंड असताना काही त्रास नाही. तासाभराने इमर्जन्सी स्टॉप सोडून सर्व्हो (अक्षांच्या मोटरी) ऑन केला, झेडचा (हेड वर-खाली नेणाऱ्या अक्षाचा) ब्रेक ‘टक्’ करून सुटला, की स्क्रीन काळी! अलार्म हिस्टरीत काहीच सापडत नाही.

साध्या मल्टिमीटरवर २४ व्होल्ट सप्लाय अगदी बरोबर दिसतो. पण मिन-मॅक्स मोडवर ठेवल्यावर त्याच क्षणी तो १८ पर्यंत आपटलेला सापडला. एसएमपीएस (हे २४ व्होल्ट देणारा पॉवर सप्लाय) नवीन टाकला, फरक शून्य. ब्रेकची वायर काढून ठेवली (झेडखाली लाकडी ठोकळा लावूनच, नाहीतर हेड खाली येईल) तर रीस्टार्ट होत नाही. म्हणजे कंट्रोलरच्या कार्डवर माझा संशय नाही, सर्व्हिसवाले मात्र मदरबोर्ड बदलायलाच सांगतायत.

आता प्रश्न असा, की दोष ब्रेकच्या कॉइलमध्ये आहे की केबल चेनमधल्या (हलत्या वायरी धरणाऱ्या साखळीतल्या) वायरमध्ये, हे मोटर न उतरवता कसं ओळखायचं? कॉइलचा रेझिस्टन्स थंड असताना ठीक येतो, गरम झाल्यावर कनेक्टरपर्यंत हात पोचत नाही. मेगर (जास्त व्होल्टेज सोडून इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावायचा तर दोन्ही टोकं सोडवावी लागतील, कार्ड जोडलेलं असताना ५०० व्होल्ट सोडायची हिंमत नाही. शिवाय कॉइलला समांतर असलेला सर्ज सप्रेसर (कॉइल बंद होताना उसळणारं व्होल्टेज दाबणारा भाग) गरम झाल्यावर शॉर्ट होत असेल का? कुणी पाहिलंय असं?

पॅरामीटरचा बॅकअप घेतलेला आहे.