वाटला एक, निघाला भलताच : सोलापुरी वाचकांचा अनुभव धागा

धागाकर्ती, रेल्वे लाइन्स

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनकट्ट्यावर ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’वरून जुंपली, ते भांडण इथे घेऊन आलेय.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पिप नावाचा पोरगा दलदलीत भेटलेल्या एका पळपुट्या कैद्याला भीतभीत खाणं आणि बेडी कापायला कानस आणून देतो. पुढे कुणी अज्ञात दाता त्याच्यावर पैसा ओततो, त्याला लंडनला साहेब व्हायला पाठवतो. पिपची खात्री, की ही कृपा मिस हॅविशॅमची. लग्नाचा जुनापुराणा झगा घालून बंद घरात बसलेली श्रीमंत बाई ती. खरा दाता निघतो मॅग्विच, तोच कैदी! ऑस्ट्रेलियात मेंढपाळी करून मिळवलेला पैसा. ही कादंबरी १८६०-६१ मध्ये हप्त्याहप्त्याने छापली गेली. म्हणजे तेव्हाचे वाचक कितीतरी महिने पिपच्याच समजुतीत राहिले असणार.

माझं म्हणणं असं, की पिप झग्याला, म्हणजे नुसत्या दिसण्याला, भुलला नाही; इतरांनी त्याची तशी समजूत करून दिली. बाईचा आणि त्या अज्ञात दात्याचा वकील एकच होता आणि आजूबाजूचे नातेवाईक तसंच धरून बोलत होते. बाई नुसती गप्प बसली आणि त्याला तसं समजू दिलं. कट्ट्यावर निम्म्या लोकांना हे मान्य नाही.

तर सांगा, वाटलं एक आणि निघालं भलतंच असं पात्र तुम्हाला कुठलं भेटलं? गोष्टीतलं, नाटकातलं, सिनेमातलं, कीर्तनातलं, कुठलंही पात्र चालेल. पहिलं मत तुमच्या डोक्यात कुणी भरवलं तेही लिहा. जुन्या गोष्टींचे शेवट बिनधास्त फोडा. रहस्यकथा असेल तर नाव घेऊ नका, लोक मारायला येतात.

पूर्व भागातला

माझी नानम्मा, म्हणजे आजी, विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, बोटं आपली चाललेली आणि तोंडाने रामायण, तेही तेलुगूत. आम्ही पोरं दोऱ्याची रिळं सांभाळत ऐकायचो.

रावण गोसाव्याच्या वेशात दारात येतो तिथे ती दरवेळी चिडायची. सगळे म्हणतात सीता भगव्या कपड्याला भुलली. नानम्माला ते अजिबात मान्य नव्हतं. ‘दारात आलेल्याला तसंच पाठवायचं नाही, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. ती तशीच वागली. यात तिचं काय चुकलं?’ तिच्या मते खरी फसवणूक त्याच्या आधीच झालेली असते. हरिण दिसलं तेव्हा लक्ष्मणाला संशय आला होता, हा मारीच असणार म्हणून. डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवर शंका घेणारं कुणीतरी घरात होतं. पण मरताना मारीच रामाच्या आवाजात ओरडला आणि मग लक्ष्मण परोपरीने सांगत होता तरी उपयोग झाला नाही. आवाज कानात शिरला की संपलं, असं ती म्हणायची.

हे सांगता सांगता एखादी विडी सैल वाटली तर ती उलगडून परत वळायची. दिसायला सगळ्या सारख्याच असतात, पण माल तपासणारा बोटात दाबून बघायचा आणि नापास म्हणून छाट काढली की पैसे गेले.

बारावी सायन्स

हॅरी पॉटरमधला प्रोफेसर स्नेप. अजून काय लिहू?

बरं, एक लिहितो. तो शेवटी चांगला निघतो ते सातवं पुस्तक सगळ्यांना आठवतं, पण ही युक्ती पहिल्याच पुस्तकात केलीय. हॅरीला स्नेप आवडत नाही म्हणून आपल्यालाही नाही. आणि प्रोफेसर क्विरेल चाचरत बोलतो, सावलीला घाबरतो, म्हणून तो बिचारा. खरा खलनायक व्होल्डेमॉर्ट नेमका त्याच्याच पगडीखाली! इतकं सरळ सांगूनही पुढची पुस्तकं आपण स्नेपवरच दात ओठ खात वाचली ना बे.

जुना सभासद, नवी पेठ

एका वाचनालयात रहस्यकथांची भाषांतरं फार खपायची. तिथला कुणी एक महाभाग पहिल्या पानावर पेन्सिलने खुन्याचं नाव लिहून ठेवायचा. ग्रंथपाल बिचारे खोडरबर घेऊन बसायचे. पण लिहिणारा इतकं दाबून लिही, की पान उजेडात तिरपं धरलं तर खोडलेलंही वाचता येई.

१९२६ सालची एक फार गाजलेली कादंबरी माझ्या हाती आली. पहिल्या पानावर अक्षरं उमटलेली : ‘बटलर’. झालं! बटलर दार उघडतोय, संशयास्पद. बटलर दाराशी घोटाळतोय, फारच संशयास्पद. तो माणूस तसा काही धुतल्या तांदळाचा नव्हताच, त्यामुळे माझी खात्री पक्की होत गेली. शेवटी खुनी निघाला तो भलताच. त्याच्यावर नजर जायचा प्रश्नच नव्हता, कारण पुस्तकभर मी त्याच्याच खांद्यावर हात टाकून हिंडत होतो. वाचलेल्यांना कळलं असेल.

पेन्सिलवाला खोडसाळ होता की त्याला पुस्तकच समजलं नव्हतं, हे कोडं काही सुटलं नाही. आता ते वाचनालयही बंद पडलं.

बाळीवेस

वरच्यांसाठी : तो मी नव्हेच!

विषय निघालाच आहे तर ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा लोखंडे कसा विसरायचा. १९६२ चं नाटक, फिरता रंगमंच, आणि पणशीकर एकाच प्रयोगात पाच रूपांत. यात गंमत म्हणजे प्रेक्षकापासून काही लपवलेलंच नाही. हा भामटा आहे, याने बायकांना फसवलंय, सगळं ठाऊक असतं. तरी निपाणीचा तो तंबाखूवाला कोर्टात इतक्या साळसूदपणे बोलतो, की क्षणभर वाटतं, साक्षीदारच घोटाळा करत असतील.

रंगभूषाकार, विजापूर वेस

हौशी नाटकांना रंगभूषा करतो. चेहरे फसवायचे हाच माझा धंदा, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

राज्य नाट्य स्पर्धेच्या फेरीत हुतात्मा स्मृती मंदिरात आमचा प्रयोग होता. नाटकात एक सावकार. दिग्दर्शक म्हणाले, हा शेवटच्या अंकापर्यंत भला माणूस वाटला पाहिजे, तुमचं नेहमीचं सामान पेटीतच राहू द्या. म्हणजे जाड भुवया नाहीत, क्रेपची झुपकेदार मिशी नाही, डोळ्यांखाली काळं नाही. मी त्याला गुळगुळीत दाढी, पातळ पॅनकेक, कपाळाला गंधाची बारीक रेघ आणि परीटघडीचं धोतर दिलं. आरशात बघून नटच म्हणाला, ‘दादा, मी तर शाळामास्तर दिसालोय.’ म्हटलं, फत्ते.

पडदा उघडला. मी विंगेत. सावकार हसत हसत आत आला आणि समोर उभ्या असलेल्या गड्याने अर्धं पाऊल मागे घेतलं. खांद्यावरचा टॉवेल काढून हातात धरला. बस, एवढंच. तालमीत असलं काही नव्हतं. पुढच्या रांगेतून कुणीतरी शेजाऱ्याला सांगितलेलं मला विंगेत ऐकू आलं, ‘हाच बे, हाच बुडवतो बघ सगळ्यांना.’

माझी सगळी मेहनत त्या अर्ध्या पावलात वाहून गेली. मध्यंतरात दिग्दर्शक त्या पोरावर उखडले, तुला कुणी शहाणपणा सांगितला होता म्हणून. पोरगं म्हणालं, ‘सर, आमच्या गावात मालक आला की असंच करतात.’ दिग्दर्शक काही बोलले नाहीत. पुढच्या प्रयोगात मात्र त्यांनी त्याला सावकाराकडे पाठ करून उभं केलं.

तेव्हापासून सिनेमा बघताना मी वाईट माणसाचं तोंड बघत नाही, त्याच्या समोरच्याचं बघतो. ‘सामना’ परत बघा. १९७५ चा, आपल्या सोलापुरात शिकलेल्या जब्बार पटेलांचा. निळूभाऊ फुल्यांचा हिंदुराव आल्यागेल्याची सरबराई करणारा माणूस आहे. त्याच्याभोवती लोक कसे उभे राहतात ते पाहा. आणि ज्याच्यावर गावात कुणी विश्वास ठेवणार नाही असा दारुडा मास्तर, तोच मारुती कांबळेचं काय झालं हे विचारायचं सोडत नाही. बाकी निळूभाऊंचं म्हणाल तर हा माणूस मूळचा सेवा दलाच्या कलापथकातला. पडद्यावरचा चेहरा बघून बायका बोटं मोडायच्या ते वेगळंच.

करमाळ्याची माहेरवाशीण

‘सैराट’चा शेवट अजून कुणीच कसा काढला नाही? २०१६ ला आपल्या जिल्ह्यात दुसरा विषय नव्हता. दिग्दर्शक जेऊरचे, आर्चीचं काम करणारी अकलूजची.

आर्चीने घरच्यांविरुद्ध पळून जाऊन लग्न केलेलं. तिचा भाऊ प्रिन्स माणसं घेऊन तिच्या हैदराबादच्या घरी येतो, आईने पाठवलेल्या वस्तू घेऊन. आर्ची चहा ठेवते. थिएटरमध्ये माझ्या शेजारी सासूबाई होत्या. पिशव्या दिसल्याबरोबर त्यांनी माझा हात दाबला, ‘बघ गं, शेवटी माहेर ते माहेर.’ डोळ्यात पाणी. पुढचे खून तुम्हाला माहीतच आहेत. परत येताना रिक्षात त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

म्हणून ताई, तुमचं म्हणणं मला पुरतं पटत नाही. प्रिन्सबद्दल आपल्याला कुणी खोटं सांगितलेलंच नाही. भर वर्गात शिक्षकाच्या मुस्काटात मारताना आपण त्याला बघितलंय. तरी माहेरची पिशवी दिसली की आपण सगळं विसरायला तयार. आपल्यालाच ते गोड व्हायला हवं असतं.

धागाकर्ती

हे मी धरून चालले नव्हते. पिपलाही दाता म्हणून मिस हॅविशॅमच हवी होती, कारण त्याचा जीव जडलेली एस्टेला तिच्या घरात होती. जमेल का हे उत्तर?

करमाळ्याची माहेरवाशीण

जमेल की. पण मग वकिलाला आणि नातेवाइकांना उगीच दोष देऊ नका.

मंगळवेढेकर

दामाजीपंतांची गोष्ट आमच्या गावची. दुष्काळात पंतांनी सरकारी धान्याची कोठारं लोकांना खुली केली. बेदरच्या बादशहाचं बोलावणं आलं. पंत पोचायच्या आत विठोबा विठू महाराचं रूप घेऊन दरबारात गेला, मोहरा मोजून दिल्या, पावती घेतली आणि दिसेनासा झाला. घोंगडी, काठी, जोहार, यांच्या वर्णनात कीर्तनकार रंगून जातात.

लहानपणापासून ऐकतोय, आणि एक गोष्ट खटकत राहते. दरबाराला तो कोण होता हे कळतं आणि मग सगळे हळहळतात. हळहळ कशाची, तर आपण देव ओळखला नाही याची. खराच विठू मोहरा घेऊन आला असता तर? पावती देऊन वाटेला लावला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती. याच मंगळवेढ्यात चोखोबा राहिले, गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर कोसळून गेले. ऊस वाकडा असला म्हणून रस वाकडा नसतो हे ज्यांनी सांगितलं, त्यांना पंढरीच्या देवळात पाऊल टाकता आलं नाही. समाधी आहे ती महाद्वारासमोर, पायरीपाशी.

दामाजींच्या आख्यानाला जोडून चोखोबांचंही सांगत जा, असं मी एका बुवांना सुचवलं होतं. ‘बघू’ म्हणाले.

निवृत्त बाई, साखर पेठ

नववीच्या वर्गाला मी ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ मराठीतून सांगायचे, ऑफ तासाला, थोडी थोडी. १९६० चं पुस्तक, अमेरिकेच्या दक्षिणेतलं गाव, आणि घराबाहेर कधीच न पडणारा बू रॅडली. सुरुवातीची प्रकरणं झाल्यावर मुलांना म्हणायचे, बूचं चित्र काढा. पिवळे किडके दात, रक्ताळलेले हात, ताडमाड उंची! मग विचारायचे, हा असा दिसतो हे कुणी सांगितलं? वर्ग म्हणायचा, ‘पुस्तकात लिहिलंय बाई.’ पुस्तकात लिहिलंय खरं, पण ते जेम नावाचा शेजारचा मुलगा सांगतो, आणि जेमने त्याला कधी पाहिलेलंच नाही. हे लक्षात आल्यावर वर्गात जी कुजबूज व्हायची ती ऐकायला मी दरवर्षी ही गोष्ट सांगत असे.

झाडाच्या ढोलीत च्युइंगगम, साबणाच्या बाहुल्या, घड्याळ ठेवणारा तोच. कुंपणात अडकून फाटलेली जेमची पँट शिवून ठेवणाराही तोच. पुस्तक संपल्यावर परत चित्र काढायला सांगितलं, तर एका मुलाने माणूस काढलाच नाही. नुसतं कुंपण, आणि त्यावर घडी घालून टाकलेली पँट. टाके मात्र एकेक काढलेले, वेडेवाकडे, पुस्तकात आहेत तसेच.

दक्षिण कसबा

सगळं वाचलं. डार्सीचं नाव कुणी घेतलं नाही, आता घेतील, म्हणून आधीच हरकत नोंदवतो.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ चं. विकम गोड बोलून डार्सीची बदनामी करतो, नायिका एलिझाबेथ विश्वास ठेवते, मग डार्सीच्या पत्रातून खरं कळतं : विकमने धर्मगुरूच्या जागेऐवजी तीन हजार पौंड आधीच घेतले होते, ते उडवले आणि वर डार्सीच्या पंधरा वर्षांच्या बहिणीला पळवायचा बेत केला. ठीक. विकम नीच, वाद नाही.

पण म्हणून डार्सी ‘गैरसमज झालेला सज्जन’ कसा? नाचाच्या ठिकाणी एलिझाबेथला ऐकू जाईल अशा बेताने ‘बरी आहे, पण मला भुरळ पडावी इतकी देखणी नाही’ हे तो बोलला ते बोललाच. ते विकमने रचलेलं नाही. आमच्याकडे मुलगी बघायला येऊन कुणी असं बोलला असता, तर पोहे संपायच्या आत जिना उतरला असता. पुढे लग्नाची मागणी घालतो तीसुद्धा तिच्या घरच्यांचा उद्धार करत करत. ती नकार देते ते योग्यच होतं, निम्मी कारणं चुकीची असली तरी. आणि आपण उद्धटपणे वाढलो, आपली घमेंड तिने उतरवली, हे शेवटी डार्सी स्वतःच्या तोंडाने कबूल करतो. तेव्हा ज्यांना तो पहिल्या पानापासून निर्दोष वाटतो, त्यांनी निदान डार्सीचं तरी ऐकावं.