फाळक्यांची कंपनी त्यांच्याच हातून गेली कशी?

पंचवटीकर:
रविवारी पाहुण्यांना पांडवलेणीला नेलं होतं. खाली उतरून फाळके स्मारकात टेकलो, तर आठवीतला भाचा म्हणतो, "मामा, एवढी कंपनी होती तर ती गेली कशी?" मी "बोलपट आले ना" म्हणून वेळ मारून नेली. घरी येऊन साल बघितलं तर गणित जमेना. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१चा. फाळके हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी सोडून काशीला गेले ते त्याच्या दहा-अकरा वर्षं आधी. मग भानगड काय होती?

गोदाकाठ:
भागीदारांनी खाल्लं. दुसरं काय असणार! पैसेवाले आले की कलावंत बाहेर.

छापखानावाला:
गोदाकाठ, "खाल्लं" म्हणणं सोपं आहे हो. मी अकरा वर्षं भागीदारीत ऑफसेट चालवला आणि भागीदारीतच घालवला, म्हणून जरा दोन्हीकडून सांगतो.

पहिली गोष्ट, फाळके मुळात आमच्या धंद्यातले. लोणावळ्याला रविवर्म्यांच्या चित्रांची छपाई, मग दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स. तिथेही भागीदारांशी बिनसलं आणि बाहेर पडले. म्हणजे नाशकात पुढे जे झालं त्याची रंगीत तालीम दादरला होऊन गेलेली होती. हे कुणी बोलत नाही.

'राजा हरिश्चंद्र' १९१३चा. त्याच वर्षी बिऱ्हाड नाशकाला आलं. तोवर पैसा कर्जाचा, विम्याच्या पॉलिसीवर उचललेला, पत्नी सरस्वतीबाईंच्या दागिन्यांचा. घर पणाला लागलेलं, पण "हा खर्च कशाला?" असं विचारणारं कुणी नाही. १९१७ला 'लंकादहन' तुफान चाललं, भांडवलवाले आपणहून पुढे आले आणि १९१८च्या सुरुवातीला कंपनी उभी राहिली. त्यात वामन श्रीधर आपटे व्यवस्थापकीय भागीदार, फाळके काम करणारे भागीदार. माझ्या मते सगळं भांडण या दोन शब्दांतच आहे. ज्याच्या डोक्यातून धंदा निघाला, तो कागदावर 'काम करणारा' झाला.

आणि धंदा बसला म्हणून ते गेले असंही नाही. 'श्रीकृष्णजन्म' १९१८चं, 'कालिया मर्दन' १९१९चं. त्यात बाळकृष्ण झाली होती ती त्यांचीच मुलगी मंदाकिनी. दोन्ही चित्रं लोकांनी डोक्यावर घेतली. भांडण होतं वेळेचं आणि ढवळाढवळीचं. भागीदार म्हणत, एका चित्राला इतके दिवस का लागतात. हे म्हणत, माझ्या कामात बोट घालू नका.

त्या माणसाची पद्धत बघा. सुरुवातीला पैसे उभे करायचे होते तेव्हा कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर रोज थोडी थोडी फिल्म फिरवत त्याची वाढ टिपली. पडद्यावर वेल सरसर वर येताना दाखवला तेव्हा कुठे पैसेवाल्याला विश्वास वाटला. आता अशा माणसाला "चित्र कोणत्या तारखेला देता?" विचारायचं म्हणजे वाटाण्यालाच विचारण्यासारखं.

आमच्याकडे हेच कागदावरून व्हायचं. देवाच्या चित्राचं कॅलेंडर असलं की निळा मनासारखा लागेपर्यंत मी दीडशे-दोनशे कागद वाया घालवायचो. भागीदार मशीनशेजारी उभा राहून वेस्टेजची थप्पी मोजायचा. तेव्हा मला तो कसाई वाटायचा. आज वाटतं, कागदवाल्याचे फोन त्यालाच यायचे.

गोदाकाठ:
काका, मान्य. पण १९२२ला ते परत आले ना कंपनीत?

छापखानावाला:
आले. मधे काशीत 'रंगभूमी' नाटक लिहिलं. परत आले ते निर्मितीप्रमुख आणि तांत्रिक सल्लागार म्हणून. हुद्दा मोठा, पण जिथे आपण दिवे लावले तिथे दुसऱ्याला विचारून दिवा लावायचा. जमलं नाही, पूर्वीची जादूही परत आली नाही. मग स्वतःचं 'सेतुबंधन' काढलं. त्यात पैसा संपला, काम रखडलं, आणि पुरं होईस्तोवर बोलपट येऊन बसलेला. मूकपटाला मागाहून आवाज चिकटवावा लागला. अडचणीत पैसे दिले ते मायाशंकर भट्टांनी, हिंदुस्थान कंपनीतल्याच एका जुन्या भागीदाराने. तेव्हा सगळ्या भागीदारांना एका माळेत ओवू नका. त्यानंतर कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण', १९३७. त्यांचा मुळापासून बोलपट म्हणून काढलेला हा एकच. १९४४च्या फेब्रुवारीत इथे नाशकातच गेले.

म्हणून भाच्याला बोलपटाचं सांगितलंत ते अगदीच खोटं नाही. फक्त तो शेवटचा धक्का, पहिला नव्हे.

पंचवटीकर:
वाचून दाखवलं भाच्याला. वाटाणा त्याला फार आवडला, मोबाईल लावून करून बघणार म्हणतोय. कुंडी आणायची जबाबदारी माझ्यावर. त्याचा एक प्रश्न आहे: तुमच्या छापखान्याची वाटणी कशी झाली?

छापखानावाला:
छपाईचं मशीन त्याला, कटिंग मशीन मला. छापायला काही नाही आणि कापायला मशीन! तीन वर्षं दुसऱ्यांचे कागद कापले, मग विकून टाकलं. त्याची एक जुनी पाती अजून माळ्यावर आहे. बायको दर दिवाळीला भंगारात काढते, मी परत वर ठेवतो.

वाटाणा पेरण्याआधी रात्रभर भिजवायला सांगा. आणि मोबाईल एकदा लावला की जागचा हलवायचा नाही.