‘अफोर्डेबिलिटी’: महागाई, क्रयशक्ती की परवडणे?

अनुवादिका: प्रादेशिक मतदानावरील एका लेखात ‘अफोर्डेबिलिटी’साठी मी ‘महागाई’ लिहिले होते, संपादकांनी ते खोडून ‘परवडणारेपणा’ केले. हा शब्द मी कोणाच्याही तोंडी ऐकलेला नाही. नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीत भाजपची सत्ता गेली, त्यात कडाडलेल्या कांद्याचा वाटा मोठा मानला जातो. तेथे ‘महागाई’ पुरेसा नाही का?

निफाडकर: दिल्लीपुरता पुरेल, आमच्या नाशिकच्या कांदापट्ट्यात अर्थ उलटा होईल. शहरात कांदा स्वस्त राहावा म्हणून केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये निर्यात बंद केली. ४ मे २०२४ रोजी ती उठवली, तीही ४० टक्के शुल्क ठेवून. २० मे रोजी आमच्या दिंडोरी लोकसभा मतदारसंघात मतदान झाले आणि भाजपच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या. आमच्या घरी ‘कांदा परवडत नाही’ म्हणजे काढणीची मजुरी, गोण्या आणि लासलगावच्या बाजारापर्यंतचे गाडीभाडे वजा जाता हाती काही उरत नाही. ग्राहक हेच वाक्य भाव चढल्यावर उच्चारतो, आम्ही भाव पडल्यावर.

शब्दमूळ: माझ्या मते ‘परवड’ आणि ‘परवडणे’ यांचे मूळ एकच असावे, कारण ज्याला परवडत नाही त्याची परवड होते. अनुवादात मात्र ‘क्रयशक्ती’ हा निर्दोष शब्द असताना बोलीकडे धाव कशासाठी?

गिरगावकर: केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही. क्रयशक्ती ग्राहकाची असते. निफाडकर सांगतात तो उत्पादकाचा हिशेब तिच्यात बसत नाही. ‘परवडणारी घरे’ शासकीय कागदांत रुळली आहेत, तेव्हा ‘परवडणे’ला बोली म्हणून बाजूला सारता येणार नाही. माझी पसंती मात्र ‘भागणे’ला आहे. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत दिंडोरी लोकसभा मतदारसंघातील सहाही जागा महायुतीला मिळाल्या. तोवर लाडकी बहीण योजनेचे दरमहा १५०० रुपये खात्यांत येऊ लागले होते आणि बायकांनी ‘घर भागते का’ एवढेच पाहिले, असे मला वाटते.

निफाडकर: एका योजनेवर सहा जागांचा निकाल टांगणे मला मान्य नाही, उमेदवार, जातींची गणिते, स्थानिक गट हेही तेथे होते. शिवाय ‘भागणे’ घरखर्चाला लागते, पिकाला नाही. ‘यंदा कांदा भागला नाही’ असे आमच्याकडे कोणीही म्हणणार नाही.

शब्दमूळ: ‘परवड’विषयी केवळ ध्वनिसाम्य म्हणून हात झटकणे मला पटत नाही. गिरगावकरांनी ‘परवडणे’चे दुसरे मूळ दाखवावे.