मदत हवी आहे: वल्हांडणाचा (मिसरच्या गुलामीतून सुटकेच्या यहुदी सणाचा) कोकरा पापार्पण (पापांसाठीचा बळी) होता का?

शमुवेल_प: गुड फ्रायडेला तरुण संघात वीस मिनिटं बोलायचंय. मांडणी अशी: लोकांच्या पापांसाठी कोकरा मारला, रक्त दारावर क्रुसाच्या आकारात लावलं, तसाच ख्रिस्त. पण ही गोष्ट जिथे आहे त्या बायबलच्या निर्गम पुस्तकात, १२व्या अध्यायात, पापाचा उल्लेखच दिसत नाही. शिवाय मार्काच्या शुभवर्तमानात येशूचं शेवटचं भोजन वल्हांडणाचं, योहानाच्या शुभवर्तमानात वल्हांडण अजून व्हायचंय. काय ठेवू, काय गाळू?

ओसरी: शंका रास्त आहे. पापार्पणाला वेदी आणि याजक लागतो. हा विधी घरोघरी, वेदीशिवाय. पापं लादून रानात सोडलेला बकरा लेवीय १६ मधला, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. निर्गमात तारण म्हणजे मरणापासून बचाव आणि गुलामीतून सुटका. पाप हरण करणारा कोकरा येतो योहान १:२९ मध्ये. तिथे यशया ५३:७ सोबत वाचा.

तपशील नीट सांगा. पहिल्या महिन्याच्या दहाव्या दिवशी निवड, चौदाव्यापर्यंत राखण. एक वर्षाचा निर्दोष नर, मेंढरांतला किंवा शेरडांतला. घर लहान असेल तर शेजाऱ्यासोबत. संध्याकाळी कापून रक्त पात्रात घ्यायचं, एजोबाच्या (एका झुडपाच्या) जुडीने दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावायचं. मांस विस्तवावर भाजूनच. कच्चं किंवा उकडलेलं चालत नाही. सोबत बेखमीर भाकरी, कडू भाजी. सकाळपर्यंत उरलं तर जाळायचं.

कापून काम संपत नाही, रक्त लावावं लागतं आणि कोकरा खावा लागतो. बहुतेक प्रवचनं खाण्याचा भाग सोडूनच देतात, आणि मग प्रभुभोजनाशी (ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर खाण्याच्या विधीशी) दुवा जुळत नाही.

जुनं_दप्तर: क्रुसाचा आकार गाळा, मजकुरात तो नाही. भाजण्याच्या सळ्यांत क्रूस पाहिला तो दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टरने. ते त्याचं वाचन म्हणून सांगता येईल. त्यापेक्षा योहान १९ घ्या: एकोणतिसाव्या ओवीत एजोब, छत्तिसाव्या ओवीत न मोडलेलं हाड (निर्गम १२:४६). मात्र स्तोत्र ३४:२० मध्येही हाडं न मोडण्याची गोष्ट आहे, त्यामुळे निर्गमाचाच हवाला म्हणून ठोकून देऊ नका.

ओसरी: दिवसाचा गुंता वीस मिनिटांत सुटणार नाही. कोकऱ्यावर बोलायचं तर योहान धरा: १८:२८ आणि १९:१४ नुसार क्रूस तयारीच्या दिवशी, म्हणजे कोकरे कापायच्या दिवशी. १ करिंथ ५:७ जोडा, तिथे ख्रिस्तालाच वल्हांडणाचा बळी म्हटलंय. मार्काची मांडणी वेगळी आहे, हे एका वाक्यात कबूल करा.

शमुवेल_प: सेडरच्या (यहुद्यांच्या वल्हांडणाच्या भोजनाच्या) ताटातलं भाजलेलं हाड दाखवू का?

जुनं_दप्तर: दाखवा, पण येशूच्या ताटात ते होतं असं म्हणू नका. इ.स. ७० मध्ये मंदिर पडल्यावर यज्ञ थांबला. हे हाड त्याची आठवण आहे.